दातांच्या लॅबचं काम शिकायचं असेल तर: नागपूरच्या मुलामुलींसाठी

परवा उमरेडहून एक माप आलं, म्हणजे पेशंटच्या दाताचा उलटा ठसा. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आमच्या भाषेत ३६ नंबर. पुट्टी आणि लाइट बॉडीचं (घट्ट आणि पातळ सिलिकॉनचं) माप, वरवर पाहिलं तर एकदम छान. माझ्याकडे चार महिन्यांपासून शिकायला येणारी मुलगी डाय स्टोन (मापात ओतायचं सगळ्यात कडक प्लास्टर) कालवायला निघालीच होती. तिला म्हटलं, आधी दिव्याखाली धर आणि भिंगातून दाताच्या कडेवरून एक पूर्ण फेरी मार. जिभेच्या बाजूला मोहरीच्या निम्मा एक बुडबुडा होता. मार्जिनची, म्हणजे कॅप जिथे संपते त्या कडेची, रेघ त्या बुडबुड्यात शिरत होती आणि दोन मिलिमीटर पलीकडे बाहेर येत होती. मधल्या दोन मिलिमीटरात काय आहे, ते मापाला माहीतच नव्हतं.

ती म्हणाली, "काका, तेवढं मेणात जुळवून घेऊ नं."

मी तिलाच डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. डॉक्टर खूश झाले नाहीत, कारण पेशंटला पुन्हा बोलवायचं म्हणजे त्याचा एक दिवस जातो. पण अंदाजाने केलेल्या कॅपच्या कडेला फट राहते. तिथलं सिमेंट धुपतं, अन्न अडकतं, आत कीड लागते आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या कॅपखाली दात सडतो. आपण पेशंटला कधी पाहत नाही, म्हणून आपल्याला ते कळतही नाही. या धंद्यात हात चांगला असणं जितकं लागतं, तितकंच हा फोन वेळेवर करणं लागतं. पुढे तो पुन्हा पुन्हा येईल.

बारावीनंतर काय करावं म्हणून बरेच पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना तुकड्या-तुकड्यांत जे सांगतो, ते इथे सलग लिहितो आहे.

हे काम नेमकं कोणतं

दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून सक्शन धरणारा तो असिस्टंट. दात साफ करणारा तो हायजिनिस्ट. आपण तिसरे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आपल्याला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलं आहे: कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारी किंवा दुरुस्त करणारी व्यक्ती. बोलताना लोक टेक्निशियन म्हणतात, कागदावर अजून मेकॅनिक असतं. जाहिरात किंवा अर्ज वाचताना दोन्ही शब्द लक्षात ठेवा.

लॅबमध्ये साधारण चार हात असतात. कवळ्यांचं अॅक्रिलिक काम, कॅप-ब्रिजचं धातूचं काम, त्यावरचं सिरॅमिक आणि आता संगणकावरचं डिझाइन. वाकडे दात सरळ करणाऱ्यांच्या प्लेट आणि रिटेनर हा पाचवा, लहान पण नीट चालणारा भाग.

एक सीमा पहिल्या दिवसापासून पक्की करा. पेशंटच्या तोंडात हात घालणं आपलं काम नाही. तालुक्याच्या गावात ओळखीचे लोक म्हणतात, "भाऊ, तूच माप घे, तूच कवळी लाव, डॉक्टरचे पैसे वाचतील." कितीही जवळचा माणूस असला तरी नाही म्हणा. ते कायद्याने चालत नाही. आणि कवळीखाली जुना व्रण आहे की कॅन्सरची सुरुवात, हे आपल्याला ओळखता येत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या आपल्या भागात ही भीती खरी आहे.

पहिली पायरी: प्रवेशाआधी स्वतःला तपासा

किराणा दुकानातून कपडे धुण्याची एक साबणाची वडी आणा. नेटवरून वरच्या पुढच्या दाताची, म्हणजे ११ किंवा २१ ची, पाच बाजूंची चित्रं काढून घ्या: ओठाकडून, टाळूकडून, दोन्ही कडांकडून आणि चावण्याच्या कडेकडून. मग साध्या चाकूने वडीतून तो दात तिप्पट मोठा कोरा. पहिला दात बटाट्यासारखा होईल. दुसरा, तिसरा, पाचवा करा. पाचव्या दातापाशीही तुम्हाला चूक कुठे आहे ते शोधावंसं वाटत असेल, तर हे काम तुमचं आहे. दुसऱ्या दातालाच मोबाइल हातात येत असेल तर आत्ताच वेगळा विचार केलेला बरा, दोन वर्षं वाचतील.

रंगांची नजरही तपासून घ्या. रंगांधळेपणा बऱ्याच मुलांमध्ये असतो आणि त्यांना त्याची कल्पना नसते. वीटा शेड गाइडवर, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांवर, १६ छटा असतात, ए-१ पासून डी-४ पर्यंत. ए-२ आणि बी-२ मधला फरक दिवसाच्या उजेडात दिसायला हवा. नजर कमी पडली तर कवळीचं आणि धातूचं काम उत्तम करता येतं, फक्त सिरॅमिकच्या टेबलाचं स्वप्न ठेवू नका.

तिसरं, एखाद्या लॅबमध्ये दोन दिवस नुसतं बसून पाहा. विनंती केली तर बहुतेक लॅबवाले बसू देतात. धूळ, आवाज, मोनोमरचा (कवळीच्या अॅक्रिलिकमधल्या द्रवाचा) उग्र वास, संध्याकाळी सहाला "आजच पाहिजे" म्हणून येणारे फोन हे सगळं पाहून मग ठरवा.

दुसरी पायरी: प्रवेश आणि नोंदणी

डेंटल मेकॅनिकचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यासाठी बारावी विज्ञान लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय हवेत. नागपुरात चौकशीची सुरुवात मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयापासून करा. मेडिकलच्याच परिसरात ते १९६८ पासून आहे. कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष विचारा, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका. हिंगणा रोडला डिगडोह आणि वानाडोंगरीकडे खाजगी दंत महाविद्यालयं आहेत, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला आहे. तिथे अभ्यासक्रम नसला तरी त्यांच्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या-कॅप बसवणाऱ्या) विभागाला लॅब असते आणि माहितीची माणसं तिथेच भेटतात.

कोणत्याही संस्थेत फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, या वर्षी किती जागांना आहे, आणि इथून पास झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत झाली आहे का. तिसऱ्या प्रश्नावर "होऊन जाते" असं उत्तर आलं, तर मागच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याचं नोंदणीपत्र पाहायला मागा. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट देणारे क्लास हात बसवण्यापुरते उपयोगी पडू शकतात, पण त्यावर नोंदणी होत नाही आणि सरकारी पदाचा अर्जही भरता येत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत मेकॅनिकचं काम असतं. अशी जाहिरात निघेल तेव्हा हातात नोंदणी असलेलाच उपयोगाला येतो.

अजून एक. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे नियमाचा कोणताही कागद वाचताना त्यावरची तारीख आधी बघा. जुन्या झेरॉक्सवरून निर्णय घेऊ नका.

तिसरी पायरी: दात पाठ करा, प्लास्टर शिका

अभ्यासक्रमात दातांची रचना, साहित्यशास्त्र, थोडं भौतिक-रसायन आणि प्रत्यक्ष काम असतं. मुलं साहित्यशास्त्राला कंटाळतात. माझं म्हणणं उलट आहे: आयुष्यभर पोट त्यावरच चालणार.

दात आधी. वरच्या पहिल्या दाढेला चार मोठे उंचवटे असतात, आणि टाळूकडच्या पुढच्या उंचवट्याला चिकटून कधी कधी पाचवा छोटासा. तिरपी एक धार टाळूच्या पुढच्या कोपऱ्यातून गालाच्या मागच्या कोपऱ्यात जाते. खालच्या पहिल्या दाढेला पाच उंचवटे. हे डोळे मिटून बोटांना आठवलं पाहिजे. रोज एक दात मेणात कोरा, वर्षभरात हात आपोआप वळतो. केलेले दात फेकू नका, तारीख टाकून डब्यात ठेवा. सहा महिन्यांनी पहिला दात पाहिल्यावर आपण किती पुढे आलो ते कुणी सांगावं लागत नाही.

आता प्लास्टर. साधं प्लास्टर, डेंटल स्टोन आणि डाय स्टोन हे एकाच जिप्समचे तीन प्रकार, पण पाणी वेगवेगळं पितात. १०० ग्रॅम प्लास्टरला सुमारे ५० मिलिलिटर, स्टोनला ३० च्या आसपास, डाय स्टोनला २२ ते २४. पुडीवर जे लिहिलं असेल तेच खरं. नवीन मुलं नळाखाली बोल धरून डोळ्यांनी पाणी घालतात. जास्त पाण्याचं मिश्रण हाताला मऊसूत लागतं, बरं वाटतं आणि त्यातून निघालेलं मॉडेल नखानेही खरवडतं. अशा मॉडेलवर मार्जिन टिकत नाही. म्हणून पहिल्या पगारातून एक छोटा डिजिटल वजनकाटा आणि मोजपात्र घ्या. आधी पाणी, मग त्यात पावडर. उलट केलं की हवा अडकते. व्हायब्रेटरवर माप तिरपं धरा, एका टोकाला थेंब सोडा आणि तो घरंगळत दातांत जाऊ द्या. वरून ओतलं की दाताच्या टोकात बुडबुडा बसलाच म्हणून समजा.

इथे आपल्या नागपूरच्या हवेबद्दल बोललंच पाहिजे, कारण पुस्तकं तिचा विचार करून लिहिलेली नाहीत. मे महिन्यात पारा ४५ पार जातो. लॅबमध्ये डेझर्ट कूलर चालू असतो आणि तो खोलीत सतत दमट हवा फेकतो. प्लास्टरची पिशवी उघडी राहिली तर ती हवेतलं पाणी ओढते. आधी मिश्रण अचानक लवकर घट्ट होतं, पिशवी अजून जुनी झाली की उशिरा घट्ट होतं आणि कमजोर राहतं. पोरं म्हणतात माल खराब आला. माल चांगला असतो, झाकण उघडं असतं. माझ्याकडे स्टोन घट्ट झाकणाच्या डब्यांत, कूलरच्या समोरच्या भिंतीपासून लांब असतो आणि प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख असते. पावसाळ्यातही हाच नियम.

अल्जिनेट ही पाण्यात कालवायची मापाची पावडर. तिचं माप तर जवळजवळ सगळं पाणीच असतं. उघड्यावर राहिलं की आकसतं, पाण्यात ठेवलं की फुगतं. निर्जंतुक करून दहा-पंधरा मिनिटांत ओतायला हवं. आपल्या उन्हात तर त्याहून लवकर. त्यामुळे काटोल-सावनेरहून अल्जिनेटचं माप मोटरसायकलवर आलं तर ते आल्याबरोबर नाकारा. डॉक्टरांना आदराने सांगा, "सर, मॉडेल तिथेच ओतून पाठवा, पाहिजे तर स्टोन मी देतो." अॅडिशन प्रकारच्या सिलिकॉनच्या मापाला ही घाई नसते, ते दिवसेंदिवस तसंच राहतं. पण त्यावर कुठे चिकट, न बसलेला डाग दिसला तर लेटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळली असण्याची शक्यता आहे. तेही फोन करून सांगा. डॉक्टर नंतर आभारच मानतात.

आणि मेण. मॉडेलिंग मेणाचे टाइप असतात. टाइप ३ उष्ण हवेसाठी कडक केलेलं असतं. उन्हाळ्यात तेच घ्या. माझ्या उमेदवारीच्या काळात एक पूर्ण कवळीची ट्रायल, दात मेणात लावलेली, मी दुपारी दोनला स्कूटरच्या डिकीत टाकून धंतोलीला नेली. दवाखान्यात डबा उघडला तर वरचे पुढचे सहा दात झोपले होते. पंच्याहत्तर वर्षांच्या आजी मुलाबरोबर भंडाऱ्याहून आल्या होत्या आणि तशाच परत गेल्या. तेव्हापासून मार्च ते जून माझ्या लॅबमधून मेणाची कोणतीही ट्रायल थंड पाण्याच्या पिशवीबरोबर थर्माकोलच्या डब्यातच जाते, आणि शक्यतो सकाळी.

चौथी पायरी: कवळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कवळीचं काम कमी दर्जाचं समजलं जातं, ते मला मान्य नाही. कॅप एका दाताची असते, कवळी संपूर्ण चेहऱ्याची असते. म्हणून शिकताना आधी वर्षभर कवळीच करा.

पहिलं माप येतं, त्यावर स्पेशल ट्रे, म्हणजे दुसऱ्या मापासाठी त्याच पेशंटच्या आकाराचा ट्रे, करायचा. ट्रेची कड ओठ-गालाच्या घडीपासून सुमारे दोन मिलिमीटर आखूड ठेवा, म्हणजे डॉक्टरांना कडा नीट घेता येतात. दुसरं माप आलं की त्याची गोल कड जपून बॉक्सिंग करून (भोवती मेणाची भिंत उभारून) मॉडेल ओता. ट्रिमर लावताना ती गोलाई खाल्ली तर कवळीची पकड गेली. मग बेस आणि त्यावर दातांच्या जागी मेणाचे रिम. डॉक्टर त्यावर उंची, मधली रेषा, हसण्याची रेषा नोंदवून पाठवतात आणि आपण ते आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारखं उघड-मीट होणाऱ्या यंत्रावर) चढवतो.

दात लावताना मधली रेषा, पुढचा दात प्लेनला (चावण्याच्या पातळीला) टेकलेला, त्याच्या शेजारचा किंचित वर, सुळा पुन्हा टेकलेला, ही सुरुवात. पण सगळ्यांना एकसारखी दातांची माळ लावू नका. डॉक्टरांकडून पेशंटचा तरुणपणीचा फोटो मागवा. लग्नातला, आधारकार्डाआधीचा, कसाही चालतो. एका आजोबांच्या फोटोत पुढचा एक दात जरासा वळलेला होता. आम्ही तो तसाच वळवून लावला. ट्रायलच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आजीबाई म्हणाल्या, "आता हे आपले वाटून राहिले."

ट्रायल पसंत पडली की फ्लास्किंग, म्हणजे मेणातली कवळी धातूच्या पेटीत (फ्लास्कमध्ये) प्लास्टरमध्ये गाडणं. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मेण काढा, स्वच्छ गरम पाण्याने साचा धुवा. मेणाचा अंश राहिला तर दात नंतर कवळीतून सुटतो. साचा कोमट असतानाच सेपरेटिंग द्रव लावा, दातांना लागू देऊ नका. पावडर-द्रव साधारण ३ ला १. मिश्रण आधी वाळूसारखं, मग चिकट तार येणारं, मग कणकेसारखं होतं. भांड्याच्या भिंतीला चिकटेनासं झालं की भरायचं. उन्हाळ्यात कणकेची अवस्था झटक्यात येऊन निघून जाते, म्हणून भांडं झाकून थंड पाण्यात ठेवा.

मग शिजवणं. घाई इथेच होते आणि इथेच काम बिघडतं. मोनोमर १००.८ अंशाला उकळतो. फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला तर जाड भागातला मोनोमर आतच उकळतो आणि कवळीत टाचणीच्या टोकासारखी छिद्रं पडतात. ७४ अंशांवर आठ तास, किंवा ७४ वर दीड-दोन तास आणि मग १०० वर एक तास. आम्ही रात्रीचं आठ तासांचं चक्र लावतो. नंतर फ्लास्क बाहेर ठेवून आपोआप निवू द्या. गरम फ्लास्कवर नळ सोडला की कवळी वाकते. पॉलिश झालेली कवळी ओल्या कापसाबरोबर बंद पिशवीत पाठवा, कोरडी पाठवू नका.

पाचवी पायरी: कॅप आणि ब्रिज

मापातून डाय (त्या दाताची सुटी प्रतिकृती), डायवर मार्जिन लाल पेन्सिलीने, मग स्पेसर (सिमेंटला जागा ठेवणारा थर), पण मार्जिनच्या आधी एक मिलिमीटर थांबायचं. मेणात आकार, स्प्रू (धातू आत जायची वाट), इन्व्हेस्टमेंट (उष्णता सोसणाऱ्या मसाल्यात गाडणं), भट्टी, कास्टिंग, सँडब्लास्ट. धातूचा कोपिंग (कॅपची आतली टोपी) कमीत कमी ०.३ मिलिमीटर. त्यावर धातूचा रंग झाकणाऱ्या ओपेकचे दोन पातळ थर, मग डेंटिन आणि इनॅमलचे सिरॅमिक थर. सिरॅमिक भट्टीत आकसतं म्हणून आकार मोठा बांधायचा. धातूचा प्रसरणांक (तापल्यावर फुगण्याचं प्रमाण) सिरॅमिकपेक्षा किंचित जास्त असावा लागतो, म्हणजे निवताना धातू सिरॅमिकला दाबून धरतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा धातू आणि पावडर न विचारता जोडली तर आठवड्याभराने तडा जातो.

विदर्भातली तोंडं पुस्तकातल्या तोंडांसारखी नसतात. सुपारी आणि खर्ऱ्याने दात झिजून सपाट झालेले असतात आणि कॅपला उंचीच मिळत नाही. वर-खालच्या दातांत जागा मोजा. सिरॅमिकला जागा नसेल तर डॉक्टरांना विचारून चावण्याची बाजू धातूची ठेवा किंवा पूर्ण झिरकोनिया (धातूशिवायचं, फार कठीण पांढरं सिरॅमिक) सुचवा. खर्ऱ्यानेच तोंड उघडणं कमी झालेल्या पेशंटची मापं अर्धवट, मागच्या दाढांपर्यंत न पोचलेली येतात. अशा वेळी डॉक्टरांना दोष देण्याआधी त्यांना विचारा की पेशंटचं तोंड किती उघडतं. लहान ट्रे करून दिला तर काम होतं.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, तपकिरी डाग असतात. शेजारी स्वच्छ ए-२ ची कॅप बसवली तर ती तोंडात दिव्यासारखी दिसते. शेड टॅब दाताशेजारी धरून सकाळच्या उजेडात काढलेला फोटो मागवा आणि डाग सिरॅमिकमध्येच उतरवा.

संगणक

आता बऱ्याच दवाखान्यांत तोंडात फिरवायचे स्कॅनर आले आहेत. माप एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल म्हणून येतं, डिझाइन एक्सोकॅड किंवा थ्रीशेप या सॉफ्टवेअरवर होतं. झिरकोनियाची कॅप खडूसारख्या मऊ डिस्कमधून २०-२५ टक्के मोठी कापतात आणि १५०० अंशांच्या आसपास भाजल्यावर ती मूळ मापाला येते. किती आकसणार तो आकडा प्रत्येक डिस्कवर छापलेला असतो. नवीन डिस्क लावली आणि जुनाच आकडा राहिला की दिवसभराच्या सगळ्या कॅपा सैल नाहीतर घट्ट. भट्टीचं चक्र बरेच तास चालतं, म्हणून वीज जाण्याच्या भागात बॅकअपशिवाय हे मशीन घेऊ नका.

माऊस चालवता आला म्हणजे डिझाइन आलं असं नाही. मेणात शंभर दाढा कोरलेल्या मुलाने केलेलं डिझाइन आणि थेट संगणकावर बसलेल्या मुलाचं डिझाइन मी न सांगता ओळखतो. आणि स्कॅनमध्येसुद्धा रक्ताखाली मार्जिन गेलेली असते. मग काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

फुफ्फुसं आणि हात

हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. धातू, सिरॅमिक आणि इन्व्हेस्टमेंटची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात बसते. डेंटल टेक्निशियनांना होणाऱ्या न्यूमोकोनिओसिसची (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची) नोंद वैद्यकशास्त्रात आहे, आणि त्या धुळीत सिलिका असली तर सिलिकोसिस होतो. त्यावर उलटा फिरवणारा उपाय नाही. टेबलावर सक्शन, तोंडावर एन-९५, डोळ्यांवर चष्मा. कापडी रुमाल चालत नाही. निकेल-क्रोम मिश्रधातू घेताना पाकिटावर बेरिलियम नाही असं लिहिलेलं पाहा. मोनोमर बोटांनी मळू नका. तो पातळ हातमोज्यातूनही आत जातो आणि एकदा त्वचा चिडली की आयुष्यभर साथ सोडत नाही. जिथे सक्शन नाही तिथे पगार जास्त मिळत असला तरी नोकरी धरू नका. येणारं प्रत्येक माप दुसऱ्याच्या लाळ-रक्तातून आलं आहे, म्हणून निर्जंतुक केल्याशिवाय टेबलावर घेऊ नका.

काम शोधताना

नागपुरात दवाखान्यांची गर्दी धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, सदर या भागांत. लॅबसाठी त्यांच्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असा पत्ता बरा. मुलाखतीला जाताना कागदांबरोबर तुमच्या कामाचा डबा न्या: कोरलेले दात, एक लावलेली कवळी, एक कोपिंग डायवर. मालक आधी तोच उघडेल.

पगार ठरवताना आकड्याआधी चार गोष्टी विचारा. पगार महिन्याचा की नगावर? परत आलेल्या केसचा खर्च कुणाच्या माथी? एकाच टेबलावर बसवणार की सगळे विभाग फिरवणार? आणि चुकीच्या मापावर डॉक्टरांना फोन करायची मला परवानगी आहे का? शेवटच्या प्रश्नावर मालकाचा चेहरा पाहा. "आलं ते करून द्यायचं, फोन नाही करायचा" असं ऐकलं तर तिथे हात बिघडतो. नगावरचं काम पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका. वेग आधी येतो आणि सवयी वाईट लागतात.

स्वतःची लॅब

निदान पाच वर्षं दुसऱ्याकडे काढल्यावरच. सुरुवात कवळी आणि प्लेटच्या कामाने करा: मायक्रोमोटर, व्हायब्रेटर, ट्रिमर, पॉलिशिंग लेथ, फ्लास्क-क्लॅम्प, अॅक्रिलायझर (कवळी शिजवायचं यंत्र) आणि चांगले दोन-तीन आर्टिक्युलेटर. झिरकोनियाचं मशीन लगेच घेऊ नका. डिझाइन तुम्ही करा, कापायला मिलिंग सेंटरला फाइल पाठवा. बेसिनखाली प्लास्टर अडवणारा सापळा पहिल्या दिवशी बसवा, नाहीतर महिन्याभरात घरमालकाची पाइपलाइन दगड होते.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) जरूर करा. लहान लॅबचा गळा रिमेकपेक्षा (पुन्हा करून द्याव्या लागणाऱ्या कामापेक्षा) उधारी आवळते. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. एका दवाखान्याकडे माझे आठ महिन्यांचे पैसे अडकले होते, कारण मी बिल महिन्याकाठी न देता "नंतर बघू" म्हणत राहिलो. आता दर महिन्याच्या एक तारखेला बिल जातं, त्यावर मुदत छापलेली असते, आणि दोन बिलं थकली की पुढची केस घेण्याआधी मी स्वतः जाऊन भेटतो.

बाहेरगावची कामं गणेशपेठच्या बसस्थानकावरून जातात. डब्यात कॅपबरोबर डाय, मॉडेल आणि बाइट (वर-खालचे दात कसे मिटतात त्याची नोंद) पाठवा, नुसती कॅप नको. चिठ्ठीवर पेशंटचा केस नंबर, दात नंबर, शेड, धातूचं किंवा झिरकोनियाचं नाव आणि लॉट नंबर, आणि खाली एक ओळ: माप पाहताना काय शंका आली आणि डॉक्टरांशी बोलून काय ठरलं, तारखेसह. त्या ओळीची नक्कल तुमच्या वहीत ठेवा. उमरेडच्या त्या ३६ नंबरची ओळ माझ्या मुलीसारख्या शिकाऊने स्वतःच्या हाताने लिहिली आहे: "जिभेकडील मार्जिन अस्पष्ट, फोन केला, नवीन माप गुरुवारी."